साडी उजेडात बघता, आणि चेहरा?

परवा धामणकर नाक्यावर गेले होते. सोबत भाची होती. तिला एका बारशाच्या फोटोंच्या प्रिंट काढायच्या होत्या आणि मला ब्लाउजपीस घ्यायचा होता. भिवंडीच्या मैत्रिणींना हा नाका सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे लादलेले टेम्पो आणि त्यातून पिशव्या सांभाळत वाट काढणाऱ्या आपण, असा तो चौक. गणपतीत मंडळाचा देखावा बघायला गर्दी लोटते तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते.

स्टुडिओत आमच्या आधी एक आई आणि तिची मुलगी आल्या होत्या. मुलगी बावीस-तेवीसची, सावळी, तरतरीत. स्थळासाठी फोटो काढून झाला होता. संगणकासमोर बसलेल्या मुलाने माऊसवर हात ठेवला आणि विचारलं, "काकू, किती उजळ करू?"

अगदी साध्या सुरात. चहात साखर किती घालू, असं विचारतात ना, तसं.

काकू म्हणाल्या, "बघ की तूच. फार नको, नाहीतर कळेल." त्याने पडद्यावरची पट्टी सरकवली. फोटोतली मुलगी थोडी उजळली, मग अजून थोडी. गालावरचा बारीक तीळ गेला. खरी मुलगी बाजूच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होती. तिला कुणीच काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

गंमत पुढेच आहे. अर्ध्या तासाने आम्ही कापडाच्या दुकानात शिरलो, तर तिथे त्याच दोघी! काकूंच्या हातात मोरपिशी साडी. त्या साडी घेऊन सरळ दुकानाच्या पायरीवर आल्या आणि पदर उन्हात धरून बघू लागल्या. "आतल्या लाइटात रंग कळत नाही हो. घरी नेल्यावर वेगळाच निघतो." दुकानदार काही बोलला नाही. गिऱ्हाइकाचा हक्कच तो. आपण सगळ्याच असं करतो. भाचीने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून गप्प बसलो.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. साडीचा रंग खरा कळावा म्हणून पायरी उतरून उन्हात येणाऱ्या आपण! लेकीच्या चेहऱ्याचा रंग मात्र आतल्या लाइटात, तिऱ्हाइताच्या हातात सोपवून मोकळ्या होतो.

तुम्ही म्हणाल, गोऱ्या-सावळ्याचा विषय जुना झाला. खरंय. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द गेला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णावरून स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. चांगलंच झालं. पण मला आज जरा वेगळं सांगायचंय. फोटोतला चेहरा नक्की कुठे, कधी आणि कुणाच्या हातून बदलतो, हे आपल्याला माहीतच नसतं. स्टुडिओतला तो मुलगा निदान विचारत तरी होता. कॅमेरा आणि मोबाइल तर न विचारताच करून टाकतात.

माझी भाची डोहाळजेवणं, बारशी, हळदीकुंकू यांचे फोटो काढते. तिने मला हे प्रकरण स्वयंपाकघराच्या भाषेत समजावलं, तसंच तुम्हाला सांगते.

आपण बटण दाबतो तेव्हा कॅमेरा फक्त उजेड मोजतो. कुठे किती पडला, एवढंच. हा झाला कच्चा शिधा. त्याला 'रॉ' म्हणतात. तो तसाच कुणाला दाखवता येत नाही, कच्चे तांदूळ ताटात वाढत नाहीत तसा. मग कॅमेऱ्याच्या आतला छोटा संगणक तो शिजवतो. पांढरा रंग कुठला ते ठरवतो, लाल किती गडद, सावली किती काळी, कातडी किती मऊ, सगळं ठरवून एक तयार फोटो हातात देतो. त्याला 'जेपेग' म्हणतात. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तो हाच. बरं, शिजवून झालं की बहुतेक कॅमेरे, तुम्ही सांगितलं नसेल तर, उरलेला शिधा फेकून देतात. आणि भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

फरक किती, तर आकड्यांत सांगते. जेपेगमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येकी १६,३८४. म्हणून सावलीत गेलेला चेहरा रॉमधून वर काढता येतो. जेपेगमध्ये तोच चेहरा ओढून उजळवला की त्यावर राखाडी डाग आणि खरखर येते.

यावरून फोटो काढणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, कॅमेऱ्यातच सेटिंग नीट लावा, उजेड नीट घ्या, फोटो तिथेच तयार होऊ द्या, रात्र रात्र संगणकासमोर कोण बसणार! दुसरा म्हणतो, सगळं रॉमध्ये काढा, घरी आणा, मग निवांत रंग ठरवा. दोघेही एकमेकांना नावं ठेवतात. पहिल्यांच्या मते दुसरे आळशी, आधी बघून काढत नाहीत. दुसऱ्यांच्या मते पहिले अडाणी, कंपनीने वाढलं ते खातात. आमच्या घरातल्या गोड्या मसाल्याच्या आणि काळ्या मसाल्याच्या भांडणाची आठवण झाली मला!

पण हे भांडण फक्त फोटोवाल्यांचं नाही. फोटोत चेहरा असतो तो आपला. म्हणून यात आपलंही मत हवं.

आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगचं बघू. 'पोर्ट्रेट', 'न्यूट्रल', 'स्टँडर्ड', 'व्हिविड', 'लँडस्केप' अशी नावं कॅमेऱ्यात दिसतात. कॅननमध्ये त्याला पिक्चर स्टाइल म्हणतात, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल, फुजीत फिल्म सिम्युलेशन. हे म्हणजे कंपनीने आधीच कुटून ठेवलेले मसाले. 'पोर्ट्रेट'मध्ये कडा मऊ होतात आणि कातडीच्या रंगाकडे खास लक्ष दिलेलं असतं. 'लँडस्केप'मध्ये झाडं-आभाळ गडद होतं. आता कुणी हौसेने 'व्हिविड' लावून नवरीचा फोटो काढला तर काय होईल? लाल शालू इतका लाल होतो की त्यातली जर, बुट्टी, काठ, सगळं एकाच लाल गोळ्यात बुडतं. कपाळावरचं कुंकू पसरल्यासारखं दिसतं. आईने चार दुकानं पालथी घालून घेतलेला शालू, आणि फोटोत नुसता लाल पडदा!

आणि हे मसाले कुणाच्या जिभेला धरून कुटलेत? यामागे एक जुनी गोष्ट आहे. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिच्या चेहऱ्याचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर लागलं, असा हिशोब. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. १९५०च्या दशकापासून कित्येक वर्षं जगभरच्या लॅब त्या बाईवरून रंग जुळवत होत्या. सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे फोटोत नुसते काळे गोळे होत, डोळे आणि दात तेवढे दिसत. तक्रार कुणाची ऐकली गेली माहितेय? लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांची! त्यांना जाहिरातीत लाकडातला आणि चॉकलेटातला फरक दिसायला हवा होता. गडद तपकिरी रंगाच्या छटा नीट पकडणारी फिल्म सुधारण्यामागे हे एक मोठं कारण होतं. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका एकत्र असलेली कार्डं यायला १९९०चं दशक उजाडलं. आणि मोबाइलचा कॅमेरा सावळ्या कातडीला न्याय देतो असं सांगून गूगलने आपल्या फोनची जाहिरात केली ती २०२१ मध्ये.

म्हणजे आपल्या आत्या-मावश्यांच्या लग्नाच्या रंगीत अल्बममधले ते काळवंडलेले चेहरे आठवा. आपण म्हणायचो, "फोटो चांगला येत नाही माझा." दोष आपल्याकडे घ्यायची सवयच आपल्याला! तो चेहरा नमुन्यातच धरला नव्हता.

म्हणून कुणी "कॅमेऱ्याने काढलं तेच खरं" म्हणालं की मला पटत नाही. कॅमेऱ्यालाही सांगणारा कुणीतरी असतोच.

मग रॉ म्हणजे खरं का? तर तेही नाही. मी तसं म्हटलं तेव्हा भाची हसली. म्हणाली, "मावशी, रॉ म्हणजे कच्चं. खरं नव्हे." त्या कच्च्या फाइलमधून मी तुला गोरी करू शकते, पिवळी करू शकते, दहा वर्षांनी लहान करू शकते, आणि तेही जेपेगपेक्षा सफाईने. पट्टी सरकवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. शिवाय हे काम तीन दिवसांनी, रात्री, घरच्या ट्यूबलाइटखाली होतं. समोर ती बाई नसते. तिच्या कातडीचा नेमका रंग कुणाच्या लक्षात राहतो? रंगाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांची आठवण फार कच्ची. ब्लाउजपीस घ्यायला साडी न नेता गेलात की कळतं!

माझं मत इथेच ठरलं. रंग ठरवायची वेळ कुठली? ती बाई समोर उभी असतानाची. तिचा हात स्क्रीनशेजारी धरून बघता येतो. तिला दाखवून विचारता येतं, "ही तूच ना?" ती "हो" म्हणाली की तो रंग खरा. म्हणून सेटिंग आधीच, तिच्यासमोर लावा, या पहिल्या पक्षाच्या बाजूने मी आहे. आळस नको, घाई नको. गौतम राजाध्यक्षांसारख्या माणसाचं उदाहरण घ्या. १९९७ साली आलेल्या त्यांच्या 'फेसेस' या पुस्तकातले चेहरे फिल्मवरचे. तेव्हा रॉ नव्हतं आणि बटण दाबल्यावर लगेच बघायला स्क्रीनही नव्हता. उजेड कुठून घ्यायचा, मेकअप किती, समोरच्याला कसं मोकळं करायचं, हे सगळं बटण दाबायच्या आधी. माणूस सुंदर दिसायला हवा हा त्यांचा हट्ट असायचा, तरी तो माणूस तोच राहायचा.

पण दुसऱ्या पक्षाचं एक म्हणणं मला महागात पडून कळलं. ते सांगते.

आईची पंच्याहत्तरी आम्ही थाटात केली. हॉल घेतला, फोटोवाला सांगितला. आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. लहानपणी आजीने बसवून गोंदवून घेतलेलं, हिरवट-निळं पडलेलं. दंडावर, मनगटावरही होतं. आम्ही लहान असताना हनुवटीवरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत झोपायचो. आई म्हणायची, "दागिने इथेच राहतात बयांनो, बाईच्या सोबत जातं ते गोंदणच."

पुढे दीड वर्षाने आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. पंच्याहत्तरीचा एक फोटो सगळ्यांना आवडलेला, आई छान हसत होती. तोच मोठा करून घेतला. दिवसकार्याच्या गडबडीत फ्रेम आली, हार घातला, पाहुणे आले-गेले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि मी पहिल्यांदा फोटोकडे नीट बघितलं. काहीतरी चुकत होतं. आई गोरी दिसत होती ते तर होतंच. पण कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी होती.

कातडी 'साफ' करताना गोंदणही गेलं होतं. डाग म्हणून!

मी फोटोवाल्याकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, सगळ्या फोटोंना एकच इफेक्ट मारतो आम्ही. चारशे फोटो असतात, एक एक बघून परवडत नाही." मूळ फाइल मागितली. ती नव्हतीच. कॅमेऱ्यातून थेट तयार फोटो काढलेले, त्यावरच काम करून तेच जपून ठेवलेलं, आधीचे केव्हाच पुसलेले. मग तो फार मायेने म्हणाला, "तुम्ही सांगा कुठे कुठे होतं, मी परत लावून देतो."

मी घरी आले आणि धाकट्या बहिणीला फोन केला. "आईच्या हनुवटीवर ठिपके किती गं? तीन ना?"

ती म्हणाली, "तीन कुठले? पाच होते."

आम्ही दोघी तासभर भांडलो. मग रडलो. जुन्या अल्बममध्ये शोधलं. लग्नातल्या घोळक्यात आई कुठेतरी मागे, पदर पुढे ओढलेला. मतदार ओळखपत्र काढलं, त्यावर तर चेहराच धड दिसेना. पन्नास वर्षं ज्या हनुवटीकडे बघत जगलो, तिच्यावर ठिपके किती, ते आम्हा दोघींना आजही ठाऊक नाही. भिंतीवर अजून तोच फोटो आहे. माझी नात त्याला "गोरी पणजी" म्हणते.

मी कुणाला दोष देऊ? फोटो मी निवडला होता. प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर मीच बघितलं होतं आणि "छान आलाय" म्हटलं होतं. पंच्याहत्तरीच्या दिवशी फोटोवाल्याला "आईला जरा उजळ दाखवा हं" असं हसत हसत सांगणारीही मीच होते.

म्हणून आता मी म्हणते, सेटिंग समोर लावा, पण शिधा फेकू नका. रॉ फाइल म्हणजे आपला सातबारा समजा. रोज कुणी सातबारा उघडून बसत नाही, पण वेळ पडली की मूळ कागद तोच. आणि त्याची एक खुबी आहे. संगणकावर रॉ फाइलमध्ये कितीही फेरफार केले तरी मूळ आकड्यांना धक्का लागत नाही. फेरफारांची टाचणं वेगळी राहतात. चूक झाली तर टाचणं फाडायची, मूळ जसंच्या तसं. आईच्या चेहऱ्याची अशी एक फाइल असती, तर ठिपके मोजता आले असते.

आता "आम्हाला कुठे एवढं येतंय" म्हणू नका. कुकरच्या शिट्ट्यांवरून डाळ कळणाऱ्या बायका आपण! भाचीकडून शिकलेलं थोडक्यात सांगते.

घरात साधा फोटो काढायचा तर जागा दाराजवळची किंवा खिडकीजवळची. ऊन अंगावर नको, उजेड हवा. आतला ट्यूबलाइट, बल्ब बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकाच गालावर पडले की कुठलंही सेटिंग ते निस्तरू शकत नाही, आणि रॉसुद्धा सहज नाही. कॅमेऱ्यात 'व्हाइट बॅलन्स' म्हणून असतं, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते. आपोआपवर ठेवलं तर कॅमेरा समोरचे रंग बघून दरवेळी नवा निर्णय घेतो. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडे पिवळं दिसलं की तो घाबरून पिवळं कमी करायला जातो. मग हळद फिकी आणि नवरी आजारी! त्यापेक्षा त्या उजेडात एक पांढरा कागद धरून त्यावरून रंग ठरवून ठेवा. सगळे फोटो एकसारखे येतात.

कॅमेरा उजेड मोजताना समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरीशुभ्र साडी नेसलेली बाई समोर आली की त्याला वाटतं, फार उजेड झाला, आणि तो फोटो काळा करतो. चेहराही काळा पडतो. काळ्या बुरख्यातली मैत्रीण आली की उलटं, तो उजेड वाढवतो आणि तिचा चेहरा पांढराफटक. आमच्या भिवंडीत एकाच घरगुती समारंभात या दोघी शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे भाचीला हे पहिल्याच महिन्यात शिकावं लागलं. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असतं. पांढऱ्याला थोडं अधिक, काळ्याला थोडं उणे. चेहऱ्याकडे बघून ठरवायचं, कपड्याकडे नाही. आणि लक्षात ठेवा, फोकस हलला, चेहरा अगदी पांढराफटक होऊन त्यातलं सगळं उडालं, तर रॉही वाचवू शकत नाही. करपलेल्या भाताला फोडणी देऊन काय होणार?

पिक्चर सेटिंग 'पोर्ट्रेट' किंवा 'न्यूट्रल' ठेवा, 'व्हिविड' नको. आणि 'स्किन सॉफ्ट', 'ब्यूटी' असं जे काही असेल ते शोधून बंद करा. काही मोबाइलमध्ये ते विकत घेतल्या दिवसापासून चालूच असतं. बंद केल्यावर पहिल्या दिवशी आरशाचा राग येतो, मग सवय होते.

आणि रॉ? कॅमेऱ्यात 'रॉ आणि जेपेग दोन्ही' अशी सोय असते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण पंचवीस-तीस एमबीची, जेपेग सात-आठची. दोन्ही मिळून चौसष्ट जीबीच्या कार्डावर दीड हजारांहून अधिक फोटो बसतात, एका बारशाला भरपूर झालं. बऱ्याच मोबाइलमध्येही 'प्रो' मोडमध्ये रॉ असतं. रॉ उघडायला महागडी प्रणालीच हवी असं नाही. कॅनन आणि निकॉन त्यांच्या कॅमेऱ्यांसाठी स्वतःच्या प्रणाली मोफत देतात, 'डार्कटेबल' ही मोफत आहे, मोबाइलमध्ये 'स्नॅपसीड' चालतं.

सगळे फोटो कायमचे रॉमध्ये ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या साठ बायकांचे फोटो तयारच चांगले, त्याच संध्याकाळी ग्रुपवर जायला हवेत. पण जो फोटो भिंतीवर लागणार आहे, ज्यावर पुढच्या पिढ्या आपल्याला ओळखणार आहेत, असे दहा-बारा तरी निवडून त्यांची मूळ फाइल ठेवा. फोटोवाला सांगताना पैशाची घासाघीस करता ना, तेव्हाच एक वाक्य बोला, "आमच्या घरच्या मोठ्या माणसांच्या फोटोंची मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये द्या." काहीजण जास्त पैसे मागतील. मागू देत. काहीजण नाही म्हणतील, तेव्हा निदान फेरफार न केलेला एक फोटो तरी मागून घ्या.

स्टुडिओवाल्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. त्या नाक्यावरच्या मुलाला दिवसाला किती चेहरे हाताळायचे असतात! गिऱ्हाईक गोरा फोटो मागतं, नाही दिला तर शेजारच्या दुकानात जातं. भाचीलाही हा अनुभव रोजचाच. रंग खरा ठेवला म्हणून एका डोहाळजेवणाचे पैसे कापून घेतले तिचे, "आमच्या सुनेला काळी दाखवली" म्हणून. तेव्हा ती चिडून म्हणाली, "मावशी, तुम्ही बायकाच मागता, मग आम्ही काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. पेन्सिलने निगेटिव्ह उजळवणारे, काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने गुलाबी गाल रंगवणारे स्टुडिओवाले आपल्या आजीच्या काळातही होते. त्यांनाही कुणीतरी सांगतच होतं.

मग नटू-थटूच नये का? पावडर लावू नये का? लावा की! मुरूम आला असेल फोटोच्या दिवशी, तो घालवा, तो चार दिवसांचा पाहुणा. भाचीने यासाठी एक नियम केलाय, तो मला फार आवडला. महिन्याभराने जे आपोआप जाणार आहे ते पुसायचं. जे जन्मभर राहणार आहे, तीळ, व्रण, गोंदण, कातडीचा रंग, त्याला हात लावायचा तर त्या बाईला स्वतःला विचारून. तिच्या आईला नाही, सासूला नाही, तिला.

त्या दिवशी स्टुडिओतली ती मुलगी आठवते. तिचा तीळ गेला तेव्हा तिने मान वर करून एकदा पडद्याकडे बघितलं होतं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली होती. ती "राहू दे" म्हणाली असती की "जाऊ दे", मला माहीत नाही. दोन्ही चाललं असतं. विचारायला हवं होतं एवढंच. मीसुद्धा तिथेच बसले होते आणि गप्प बसले.

मागच्या रविवारी भाचीने माझा फोटो काढला. घराच्या दारात, सकाळच्या उजेडात. लगेच कॅमेरा फिरवून दाखवला. मी चष्मा लावून बघितलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या रेघा, गालावरचा वांग, सगळं हजर!

"घालवू का गं वर्तुळं?" तिने विचारलं.

एवढं सगळं लिहून-बोलून झालेली मी. तरी तोंडातून निघालंच, "थोडीशी घालव." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारीण बघायला आली.

"बरं, घालवते थोडीशी," भाची म्हणाली.

"घालव," मी म्हटलं, "पण मूळ फाइल ठेव हो."